पापुद्रा आणि पाणी: घरच्या घरी तुर्की बोरेक

तुर्कस्तानात न्याहारीला, दुपारच्या चहाला किंवा अचानक पाहुणे आले की हमखास पुढे येणारा एक पदार्थ म्हणजे सिगारा बोरेयी. पातळ पोळीचा त्रिकोणी तुकडा घ्यायचा, त्याच्या रुंद कडेवर चमचाभर खारट पांढरं चीज आणि बारीक चिरलेली पार्सली ठेवायची, दोन्ही बाजू आत दुमडून घट्ट सुरळी करायची, टोकाला पाण्याचं बोट फिरवून ते चिकटवायचं आणि गरम तेलात दोन-तीन मिनिटं तळायचं. कृती एवढीच. तरीही पहिल्यांदा करणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा दोनपैकी एक निराशा येते: सुरळी कढईत फुटून चीज तेलात पसरतं, नाहीतर ती बाहेरून लाल होते आणि आत वातड, तेलकट राहते. आपल्याकडे हा पदार्थ घरी करण्याचा विषय निघाला की सगळी चर्चा चीजभोवती फिरते. ते तुर्की चीज कुठे मिळेल, मोझरेला चालेल का, पनीर चालेल का. हे प्रश्न रास्त आहेत, पण दुय्यम आहेत. बोरेयी जमते की बिघडते हे पाण्यावर ठरतं. पोळीत किती पाणी उरलं, सारणात किती उरलं आणि तळताना ते कुठल्या वाटेने बाहेर पडलं, या तीन गोष्टी हातात आल्या की चीजचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

सुरुवात पोळीपासून करायला हवी, कारण बोरेकचा (सिगारा बोरेयी हा त्याचाच एक प्रकार) जीव पोळीत आहे. तिला तुर्कीत युफ्का म्हणतात. मैदा, पाणी आणि मीठ एवढ्याच साहित्याची, खमीर नसलेली ही पोळी फार जुनी आहे. अकराव्या शतकात, १०७० च्या दशकात, महमूद काश्गरीने तुर्की भाषांचा जो कोश रचला त्यात या पातळ भाकरीची नोंद सापडते. ओक्लावा नावाच्या बारीक, लांबलचक लाटण्यावर ती लाटतात. ओक्लावा आपल्या लाटण्यापेक्षा कितीतरी सडपातळ आणि हातभराहूनही लांब असतो. लाटताना पोळी त्याच्याभोवती पूर्ण गुंडाळून घेतात, तळवे मधून बाहेरच्या दिशेने सरकवत दाब देतात, पोळी उलगडतात, थोडी फिरवतात, पुन्हा गुंडाळतात. अशी गुंडाळत-उलगडत ती परातीपेक्षा मोठी होत जाते. मग साच नावाच्या घुमटाकार लोखंडी तव्यावर ती टाकतात. खानदेशात चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर मांडे भाजतात, तशीच ही रीत. फुगीर पृष्ठभागावर पसरलेली मोठी पोळी आपल्याच वजनाने ताणून राहते, तिला सुरकुती पडत नाही आणि आच सगळीकडे सारखी लागते. मांडा हातावर झेलत पसरवतात आणि युफ्का लाटतात, हा फरक खरा. पण एवढी पातळ पोळी सपाट तव्यापेक्षा घुमटावर अधिक सुखाने भाजते, हे अनातोलियातल्या आणि खानदेशातल्या बायकांनी आपापल्या चुलीपाशी हेरलेलं दिसतं.

गावाकडची युफ्का पाहिली की पाण्याचा मुद्दा लख्ख होतो. हिवाळ्याच्या तोंडावर शेजारच्या बायका जमतात आणि महिनोन् महिने पुरतील एवढ्या पोळ्या करून ठेवतात. एक गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी भाजते. लावाश, कातिर्मा, जुप्का आणि युफ्का या पातळ भाकऱ्या करण्याची व वाटून खाण्याची परंपरा २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांच्या नावे ती आहे, आणि या कामाला किमान तीन माणसं लागतात हे त्या नोंदीतही आवर्जून सांगितलं आहे. साठवणीची युफ्का पार कोरडी होईपर्यंत भाजतात. पाणीच नसल्यामुळे तिला बुरशी लागत नाही. जेवायच्या आधी तिच्यावर पाणी शिंपडतात, फडक्यात गुंडाळून थोडा वेळ ठेवतात, की ती पुन्हा मऊ, घडी घालण्याजोगी होते. एकच पोळी पाणी काढून घेतलं की महिनोन् महिने टिकते आणि पाणी परत दिलं की वळते. बोरेकसाठी लागणारी युफ्का या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. ती साचवर काही सेकंदच टाकतात. कच्चा रंग जातो, एखाददुसरा डाग पडतो आणि ती काढून घेतात. शहरांतल्या युफ्काच्या दुकानांत अशा अर्धकच्च्या पोळ्यांची चळत ओल्या फडक्याखाली ठेवलेली असते.

ही अर्धवट भाजणीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पूर्ण कच्ची पोळी तेलात टाकली तर तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन जाईपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात बाहेरचा वेढा लाल होतो, आतले वेढे एकमेकांना चिकटून कणकेसारखे राहतात. पार कोरडी केलेली पोळी सुरळी करतानाच चिरते आणि प्रत्येक चीर म्हणजे चीजला बाहेर पडायची वाट. अर्धी भाजलेली पोळी वळते, पण तिचा वरचा थर थोडा बसलेला असल्यामुळे वेढे चिकटून एकजीव होत नाहीत. तळल्यावर पापुद्रे सुटे राहतात ते याचमुळे. म्हणून, महाराष्ट्रात राहून बोरेयी करणाऱ्याने फायलोच्या गोठवलेल्या पाकिटामागे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फायलोही मैद्याचीच, पण ती कागदाहून पातळ आणि कच्ची असते, आणि थराथरात लोणी लावून ओव्हनमध्ये भाजण्यासाठी केलेली असते. तळणीत ती सारण धरून ठेवू शकत नाही. तिच्यापेक्षा आपल्या बाजारातली समोसापट्टी युफ्काच्या कितीतरी जवळची आहे. पट्टीचा समोसा करणारे लोक तेल-पिठी लावून पोळ्या एकावर एक ठेवतात, एकत्र लाटतात, तव्यावर नुसत्या शेकतात, सोडवतात आणि कापतात. म्हणजे अर्धी भाजून पाणी बेतात आणणं इथेही आहेच. तयार पट्टी लांबट असते, त्रिकोणी नसते, एवढीच अडचण. तिने काही बिघडत नाही, फक्त सुरळीच्या टोकाला निमुळतेपणा येत नाही.

आणि पट्टीची हीच रीत घरात वापरली, तर ओक्लावा आणि साच दोन्हींवाचून चांगली युफ्का होते. १२५ ग्रॅम मैद्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि साधारण ७० मिलिलिटर पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट पीठ मळावं. मळताना मैद्यातल्या ग्लुटेनची जाळी ताणली जाते आणि तशीच लाटायला घेतली तर पोळी आखडते, पुन्हा लहान होते. पीठ ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास ठेवलं की ती जाळी सैलावते आणि मैद्यात पाणीही सारखं मुरतं. तुर्की घरांत ही विश्रांती कुणी चुकवत नाही, आणि आपणही चुकवू नये. मग ६ सारखे गोळे करावेत. दोन गोळे पुरीएवढे लाटून एकावर तेलाचं बोट फिरवावं, वर कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी भुरभुरावी, दुसरी पुरी त्यावर ठेवावी आणि दोन्ही मिळून २५ सेंटिमीटरपर्यंत लाटावं. लाटतानाही मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअरच लावावं. तुर्कस्तानातही युफ्का लाटताना स्टार्च भुरभुरतात, कारण तो कणकेत मिसळून जात नाही आणि पोळी चिकटू देत नाही. ही जोडपोळी मध्यम तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूने वीसेक सेकंद टाकावी. बारीक फोड यायला लागला की उलटावी, डाग पडायची वाट पाहू नये. उतरवून गरम असतानाच कडेपासून दोन पदर सोडवावेत, एकेक पोळी चळतीत ठेवावी आणि चळत फडक्याने झाकावी. झाकल्यावर आतली वाफ पोळ्यांमध्ये सारखी पसरते आणि कोरड्या पडलेल्या कडा परत नरम होतात. अशा ६ पोळ्यांचे प्रत्येकी चार तुकडे केले की २४ सुरळ्यांची सोय झाली. त्या दुकानातल्या साठेक सेंटिमीटर रुंद युफ्काइतके वेढे देणार नाहीत, दोन-अडीच वेढेच मिळतील. पण खुसखुशीतपणा वेढ्यांच्या मोजणीवर नसून त्यांच्यातल्या कोरडेपणावर आहे, त्यामुळे फारसं अडत नाही.

आता चीज. तुर्कस्तानात या सारणासाठी बेयाझ पेयनिर वापरतात. मेंढी, बकरी किंवा गाईच्या दुधाचं, विरजवून-रेनेटने घट्ट केलेलं, दाबून ठोकळे कापलेलं आणि मग मिठाच्या पाण्यात मुरत ठेवलेलं हे पांढरं चीज. चनाक्कले प्रांतातलं एझिने आणि ग्रीसच्या सीमेवरचं एदिर्ने ही त्याची नावाजलेली गावं. चव आंबट आणि खारट, पोत भुसभुशीत. त्याचा आपल्या कामाचा गुण असा की ते गरम केलं तरी वितळून वाहत नाही. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन जसजसं आंबट होत जातं तसतसं त्यातलं कॅल्शियम सुटतं. बेताचा आंबटपणा असला तर चीज गरम केल्यावर वितळतं आणि तारा काढतं, मोझरेलाचं असं होतं. आंबटपणा त्याच्या पुढे गेला की केसिनचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि गरम केल्यावर चीज फक्त मऊ होतं. बेयाझ पेयनिर त्या पुढच्या टप्प्यावर असतं. आपलं पनीरही वितळत नाही, पण वेगळ्या कारणाने. दूध उकळीपर्यंत तापवून फाडल्यामुळे एरवी निवळीत निघून जाणारी प्रथिनं केसिनला चिकटून बसतात आणि ती वीण उष्णतेने सुटत नाही. कारणं दोन असली तरी कढईत परिणाम एकच होतो, आणि या पदार्थाला तोच हवा आहे.

मग पनीरला कमी काय पडतं? मीठ आणि आंबटपणा. या दोन्ही गोष्टी मराठी स्वयंपाकघरात सहज मिळतात. २५० ग्रॅम पनीरच्या जाड चकत्या कापून त्यांना एक लहान चमचा मीठ चोळावं आणि दोन तास फ्रीजमध्ये ठेवावं. मीठ आत जाताना पाणी बाहेर ओढतं. तेवढं पाणी फेकून चकत्या स्वच्छ फडक्यात दाबून घ्याव्यात आणि मग कुस्कराव्यात. त्यात ६० ग्रॅमच्या आसपास चक्का मिसळावा. चक्का श्रीखंडाला लागतो तसा, रात्रभर टांगलेला, चमचा उभा राहील असा घट्ट हवा. नुसतं दही किंवा घाईघाईने पिळलेला चक्का घातला तर पनीरमधून काढलेलं सगळं पाणी परत आत जाईल आणि केलेले कष्ट वाया जातील. असं मिश्रण मुरलेल्या एझिने चीजची खोली देईल असा दावा मी करणार नाही, महिनोन् महिने मिठाच्या पाण्यात मुरल्याने येणारी चव दोन तासांत येत नाही. मात्र आंबट, खारट, न वाहणारं आणि कोरडं, हे चारही गुण त्यात येतात. ज्यांच्या शहरात फेटा मिळतो त्यांनी तो जरूर वापरावा. फक्त तो फार खारट असेल तर तुर्की गृहिणी करतात तसं पाण्यात भिजवून मीठ उतरवावं आणि मग नीट निथळवावं, म्हणजे पुन्हा पाण्याचीच काळजी घ्यावी. जे प्राणिज रेनेटमुळे चीज टाळतात त्यांना पनीर-चक्क्याचा मार्ग तर अधिकच सोयीचा आहे, आणि या कृतीत अंड्याचीही गरज पडत नाही.

यावर मोझरेलाचे चाहते म्हणतील, तोडल्यावर चीजची तार निघायला नको का? ही अपेक्षा पिझ्झाने लावलेली आहे आणि तिच्यात वाईट काही नाही. तुर्कस्तानातही काही जण सारणात काशार नावाचं पिवळट, वितळणारं चीज मिसळतात. पण मिसळतात, नुसतं भरत नाहीत, हे पाहण्यासारखं आहे. मोझरेला गरम झालं की पातळ होतं, त्याचं तूप सुटतं आणि ते सुरळीत जिथे फट असेल तिथून तेलात उतरतं. कढईतलं तेल फेसाळतं आणि हातात येते रिकामी नळी. पांढरं चीज स्वतःच्या जागी बसून राहतं, म्हणून सुरळीला थोडी फट राहिली तरी निभावतं. तार हवीच असेल तर एकूण सारणाच्या चौथ्या हिश्शापर्यंत मोझरेला किसून घालावं. बाकीचं पनीर ते आवरून धरतं. त्याहून जास्त घालू नये.

पार्सलीचं काय करायचं हा प्रश्नही नेहमी येतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या बाजारांत ती मिळते, पण ती नसली म्हणून कोथिंबीर घालायची गरज नाही. कोथिंबिरीचा वास इतका ओळखीचा आणि जोरदार आहे की चीज मागे पडतं आणि सुरळी थेट आपल्या नाश्त्याच्या गाडीवर जाऊन उभी राहते. त्यापेक्षा शेपू घ्यावा. बोरेकच्या चीजमध्ये शेपू घालण्याची रीत तुर्की घरांमध्ये आहेच, त्यामुळे ही तडजोड नव्हेच. शेपूचं नाव काढताच घरातली निम्मी मंडळी नाक मुरडतात, हे मान्य. पण खारट-आंबट पांढऱ्या चीजमध्ये शेपूची कोवळी पानं, देठ काढून, मूठभरच घातली की त्याचा उग्रपणा मावळतो आणि नुसती हिरवी, ताजी चव राहते. जे एरवी शेपूला हात लावत नाहीत त्यांनी तो इथे एकदा तरी चाखून पाहावा. पानं धुतल्यावर फडक्यावर पसरून पुरती सुकवावीत, चिरण्याआधीच. ओल्या पानांतून येणारं चमचाभर पाणी सुरळी फोडायला पुरेसं असतं.

चमचाभर पाण्याला एवढं भ्यायचं का, असं वाटेल. हिशोब करून पाहावा. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशाला वाफ झाली की ती दीड लिटरहून जास्त जागा मागते. एका सुरळीत १२-१३ ग्रॅम सारण असतं आणि पनीरमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. त्यातल्या एका ग्रॅमची जरी वाफ झाली तरी बोटभर सुरळीत ती मावणं शक्य नाही, तिला बाहेर पडावंच लागतं. तळणीतले बुडबुडे म्हणजे हीच वाफ. प्रश्न एवढाच की ती पापुद्र्यांच्या असंख्य बारीक छिद्रांतून हळूहळू निघावी की एका जागी जोर करून पोळी फाडावी. म्हणून सारण बेताचं ठेवायचं, रुंद कडेपासून बोटभर आत, काडीसारखं लांबट पसरायचं. बाजू दुमडताना त्या सारणावर दाबून बसवायच्या, म्हणजे टोकाला हवेचा खिसा राहत नाही. सुरळी घट्ट गुंडाळायची, पण आवळायची नाही, कारण आवळलेल्या पोळीला वाफेने फुगायला वाव उरत नाही. टोक चिकटवायला पाण्याचं एक बोट पुरतं. ते टोकाच्या दोन सेंटिमीटरवरच फिरवावं. पाण्याने पोळीवरचा स्टार्च ओला होतो आणि तेलात पडताच शिजून खळीसारखा धरतो. इथे पाणी आपल्या बाजूने काम करतं. घरी केलेल्या पोळीवर तेलाचं बोट फिरलेलं असतं, म्हणून तिची कोरडी, तव्याला लागलेली बाजू आत आणि तेलाची बाजू बाहेर राहील अशी सुरळी केली की टोक जास्त चांगलं चिकटतं.

तेल १७० ते १८० अंश तापलेलं हवं. थर्मामीटर नसेल तर पोळीचा लहान तुकडा टाकावा. तो तळाला न बसता लगेच बुडबुडे सोडत वर आला की तेल तयार. सुरळ्या एका वेळी चार-पाचच सोडाव्यात आणि चिकटवलेलं टोक खाली करून सोडाव्यात. जास्त टाकल्या की तेल थंडावतं, वाफेचा जोर कमी होतो आणि मग पोळी तेल पिते. वाफ जोरात बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत शिरायला वाव नसतो, हे तळणीचं मूळ गणित आहे. सुरळ्या टाकल्या टाकल्या बुडबुडे खवळलेले असतात, आवाज मोठा येतो. दोन मिनिटांत फिकट सोनेरी रंग येतो, बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, आवाज उतरतो. तेव्हा पोळीतलं पाणी संपत आलेलं असतं, पण चीजमधलं शिल्लक असतं, आणि सारण रसदार राहण्यासाठी ते तसंच राहायला हवं. नेमकं तेव्हाच काढावं. पुढे ठेवलं तर चीजमधलं पाणीही जातं आणि ते रवाळ, चोथ्यासारखं लागतं. काढल्यानंतरचे पहिले काही क्षणही मोलाचे आहेत, कारण तळलेल्या पदार्थात बरंचसं तेल कढईत असताना शिरत नाही. ते बाहेर आल्यावर शिरतं. आतली वाफ थंडावून पुन्हा पाणी झाली की आत पोकळी होते आणि ती पृष्ठभागावरचं तेल ओढून घेते. म्हणून झाऱ्यावर धरून जोरात झटकावं आणि सुरळ्या चाळणीत उभ्या कराव्यात. कागदावर आडव्या, एकावर एक रचल्या तर खालच्या बाजूने स्वतःच्याच वाफेने त्या मऊ पडतात.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला आरोग्याचा: तळायचंच कशाला, एअर फ्रायर किंवा ओव्हन असताना? तुर्कस्तानातही अनेक जण सुरळ्या ओव्हनमध्ये भाजतात, तेव्हा त्यात चूक काही नाही. फरक मात्र समजून घ्यावा. गरम हवा तेलापेक्षा फार सावकाश उष्णता देते. पोळीला रंग येईपर्यंत ती पार कोरडी, कडक होते आणि चीजमधलं पाणीही उडतं. उपाय असा की भाजण्याआधी सुरळीला सगळ्या बाजूंनी तेल किंवा पातळ केलेलं तूप लावावं, २०० अंशावर १५ ते २० मिनिटं भाजावं आणि सारणात चक्क्याचं प्रमाण चमचाभर वाढवावं. तळलेल्या सुरळीचा हलका, फोड आलेला पापुद्रा त्यात मिळणार नाही, बिस्किटासारखा कुरकुरीतपणा मिळेल. ज्याला तेल टाळायचं आहे त्याने तो आनंदाने खावा.

दुसरा आक्षेप अधिक नेटका आहे. तुर्कस्तानातल्या सर्वांत मानाच्या बोरेकांपैकी एक म्हणजे सू बोरेयी. त्यात लाटलेल्या पोळ्या चक्क उकळत्या खारट पाण्यात शिजवतात, गार पाण्यात टाकतात, निथळतात आणि मग लोणी लावलेल्या थाळ्यात थरावर थर रचून मध्ये चीज पसरून भाजतात. पाणी जर बोरेकचं वैरी असेल तर हा पदार्थ कसा जमतो? याचं उत्तर असं की पाणी वैरी नाहीच, त्याची जागा ठरलेली असायला हवी एवढंच. सू बोरेयीत मधले थर मऊ, लुसलुशीत हवेत म्हणून त्यांना आधीच भरपूर पाणी पाजतात आणि लोण्याच्या थराने ते जिथल्या तिथे अडवतात. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पोळी मात्र बहुतेक जण न उकळता तशीच घालतात, कारण तिला कुरकुरीत व्हायचं असतं. म्हणजे एकाच थाळ्यात कुठल्या पोळीला पाणी द्यायचं आणि कुठल्या पोळीला द्यायचं नाही, हे करणाऱ्याने पुरतं ठरवलेलं असतं. सिगारा बोरेयी त्याच विचाराची लहान आवृत्ती आहे: बाहेर कोरडं, आत ओलं आणि दोन्हींची सरमिसळ होऊ न देणं.

ही सरमिसळ काळाबरोबर होतेच, म्हणून बोरेयी करून ठेवायचा पदार्थ नाही असं कुणी म्हणेल. तळून ठेवायचा नाही, हे खरं. तासाभरात चीजमधला ओलावा पापुद्र्यात उतरतो आणि सुरळी लोळागोळा होते, ती परत गरम करूनही पहिल्यासारखी होत नाही. कच्च्या सुरळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या तरी तेच होतं, फक्त सावकाश. गोठवल्या तर मात्र पाणी जागच्या जागी थिजतं आणि हे उतरणं थांबतं. तुर्की घरांच्या फ्रीजरमध्ये कच्च्या सुरळ्यांचा डबा असतो तो याचसाठी. तिथे बायकांच्या भिशीसारख्या बैठका असतात. आळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचं, यजमानीणबाईला प्रत्येकीने सोन्याचं नाणं द्यायचं आणि तिने चहाबरोबर दोन-चार पदार्थ मांडायचे. त्या ताटात बोरेक नसलं तर चुकल्यासारखं वाटतं, आणि पंधरा-वीस जणींसाठी ऐनवेळी सुरळ्या वळत बसणं कुणाला शक्य नसतं. म्हणून आधल्या आठवड्यात निवांत वेळी त्या वळतात, ताटात एकमेकींना न चिकटतील अशा मांडून गोठवतात आणि टणक झाल्यावर डब्यात भरतात.

युफ्का स्वतः न लाटता विकतच्या पट्टीवर भागवलं तर त्याला तुर्की म्हणता येईल का, ही शंकाही या घरांकडे पाहून मिटावी. इस्तंबूलमधल्या किंवा अंकारातल्या कितीतरी घरांत आज ओक्लावा क्वचितच बाहेर निघतो. युफ्का दुकानातून येते, त्रिकोणी कापलेल्या तुकड्यांची पाकिटंही मिळतात, आणि तरी त्या घरची बोरेयी कुणी परकी मानत नाही. हातचं कसब तिथे लाटण्यातून निघून सारण निथळवण्यात, सुरळी वळण्यात आणि तेलाची आच राखण्यात आलं आहे. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या घरात समोसापट्टी, पनीर, चक्का आणि शेपू यांवर हेच कसब वापरलं तर पदार्थ आपल्या मुळाशी प्रामाणिक राहतो. गोठवलेल्या सुरळ्या तळताना एवढंच सांभाळावं की त्या बाहेर काढून वितळू द्यायच्या नाहीत. वितळताना हवेतलं पाणी त्यांच्यावर दवासारखं धरतं, पोळी ओलावते आणि तेल उडतं. वर साचलेलं हिम झटकून त्या थेट तेलात सोडाव्यात, आच एक पायरी कमी ठेवावी आणि नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त द्यावं.